सोनामुखीचं वेळापत्रक

पुण्याला नोकरीला जाणारा दौंडकर आणि त्याचं पोट यांच्यात सकाळच्या गाडीवरून लागलेलं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. गाडी पहाटेची असते. पोट मात्र चहा, पेपर, थोडी येरझार आणि घरातल्यांशी एखादी खटपट झाल्याशिवाय जागं होत नाही. ते जागं होतं तेव्हा मालक लोणी आणि मांजरी स्टेशनांच्या मधे एका पायावर उभा असतो, कारण दुसरा पाय टेकायला जागाच मिळालेली नसते. अशा वेळी आतून निरोप आला तर जायचं कुठे? डब्यात संडास असतो, पण त्याच्या दाराला टेकून तिघं झोपलेले असतात आणि तिघंही रोजचे ओळखीचे. एकदा त्यांना उठवलं की पुढे महिनाभर "काय, आज ठीक ना?" अशी चौकशी सगळ्या डब्यादेखत होत राहते. त्यापेक्षा निरोप परत पाठवलेला बरा. पोटही मानी असतं. चार दिवस निरोप धाडून बघतं, मग धाडायचंच बंद करतं.

चरकसंहितेत या विषयाला अख्खा अध्याय दिलेला आहे, सूत्रस्थानातला सातवा. जे वेग माणसानं अडवू नयेत असे १३ वेग त्यात मोजले आहेत. मल, मूत्र, अधोवायू, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू अशी ती यादी चालते. चरकाला दौंड-पुणे शटल ठाऊक नव्हती. नाहीतर त्याला दिसलं असतं की यातले बहुतेक वेग दौंडकर पाटस ते हडपसर बिनबोभाट अडवून धरतो. झोपेचा वेग तेवढा तो उभ्या उभ्या मोकळा सोडतो आणि अश्रूंचा, पास काढायच्या दिवशी.

तेव्हा दौंडात बद्धकोष्ठ हा आजार आहारापेक्षा रेल्वेच्या खात्यावर जास्त जमा होतो. आणि गावानं त्यावर औषधही असं निवडलं आहे, ज्याला स्वतःचं वेळापत्रक आहे.

पेठेत काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे. आत शिरलं की सुंठ, ओवा, वेखंड आणि जुन्या पोत्यांचा एकत्र वास येतो आणि निम्मा आजार तिथेच बिचकतो. मालकांना सगळे शेठ म्हणतात. शेठ वैद्य नाहीत. तसं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतात, आणि सांगून झालं की तपासायला सुरुवात करतात.

"शेठ, पोट साफ होत नाही."

"किती दिवस?"

"चार."

"दुखतं का? उलटी? ताप?"

"नाही."

"असतं तर दवाखान्यात पाठवलं असतं. आता सांगा, सकाळी कुठली गाडी?"

दुसरीकडे जीभ बघतात, नाडी बघतात. शेठ गाडी विचारतात. मग ते मागच्या खणातून मूठभर पाला काढून कागदावर ओततात. एक-दीड इंचाची टोकदार पानं, फिकट, पिवळट हिरवी, बुडाशी एक बाजू दुसरीपेक्षा किंचित खाली उतरलेली. मधूनमधून चपट्या, काळपट शेंगांचे तुकडे. हातात धरली तर कुरकुरतात, नाकाशी नेली तर डब्यात विसरलेल्या चहापत्तीचा वास येतो. ही सोनामुखी. कुणी भुईतरवड म्हणतात, हकीम सना म्हणतात, संस्कृतात स्वर्णपत्री. एवढं सोनं नावात असूनही ती शेठकडे सगळ्यांत स्वस्त मालात मोडते.

मूळची ही बाई आपल्याकडची नव्हे. चरकाच्या यादीत ती नाही. तिथे सुखानं ढाळ करणाऱ्यांत निशोत्तर पहिलं, सौम्यांत बहावा पहिला आणि जहालांत थोराच्या निवडुंगाचा चीक पहिला. सोनामुखी आली अरबस्तानाकडून, युनानी हकिमांच्या बटव्यातून, आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या कोरड्या रानात अशी रुजली की तिथला माल तुतिकोरिन बंदरातून जगभर जाऊ लागला. आपल्या वैद्यांनीही तिला घरात घेतलं, आणि घेतलं तेही एकटीला नाही. पंचसकार चूर्णात तिच्या जोडीला सुंठ, सैंधव, बडीशेप आणि हिरडा दिले. कारण एकटी आली की ती पोटात मुरडा घालते. शेठही पुडी बांधताना बडीशेप आणि सुंठ न विचारता टाकतात. म्हणतात, "सासरी एकटी पाठवू नये."

तिचं काम कसं चालतं हे कळलं की तिच्याबद्दल आदर वाटतो. सोनामुखीतली जी द्रव्यं, सेनोसाइड, ती १९४१ मध्ये आर्थर स्टोल या स्विस शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळी काढली. ती जठरात काही करत नाहीत, लहान आतड्यातही नाहीत. कुठेही न उतरता थेट मोठ्या आतड्यापर्यंत जातात. तिथले जंतू त्यांना फोडतात, तेव्हा कुठे खरं औषध तयार होतं. ते आतड्याला ढोसतं आणि पाणी शोषून घेण्याचं त्याचं काम थांबवतं. या सगळ्या प्रवासाला ६ ते १२ तास लागतात. म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची.

६ ते १२ तास. इतर गावांना ही माहिती वाटते, दौंडला ती धमकी वाटते. रात्री दहाला घेतली तर पहाटे चारला येईल किंवा सकाळी दहाला येईल, किंवा मधल्या कुठल्याही स्टेशनावर. चारला आली तर सोनं. सातला आली तर माणूस यवत आणि उरुळीच्या मधे असतो. शेठ गाडी विचारतात ती याचसाठी. पहाटेची गाडी असलेल्याला ते आठवड्याच्या मधे पुडी देतच नाहीत. "शनिवारी या," म्हणतात.

म्हणून शनिवारची रात्र ही दौंडातल्या काही गल्ल्यांत सोनामुखीची रात्र असते. नऊच्या सुमाराला घराघरांतून गरम पाण्याच्या भांड्यांवर झाकणं पडतात. रविवारी सकाळी या गल्ल्यांत कुणी कुणाकडे जात नाही. दूधवाला कडी वाजवून पातेलं उंबऱ्यातच ठेवतो. ज्या घरात संडास एक आणि पुड्या तीन, तिथे थोरल्यांचा मान, बायकांची घाई आणि शाळकरी पोराचा आकांत यांचा जो तिढा पडतो तो सोडवायला कुठल्याही घटनेत कलम नाही. आणि नेमक्या त्याच सकाळी सोलापूरकडच्या गाडीनं पाहुणे उतरतात. पाहुण्यांना वाटतं, आपल्याला बघून या घरातल्या माणसांचे चेहरे पडले. तसं नसतं. चेहरे आधीच पडलेले असतात.

आमच्या मागच्या गल्लीतले गार्डसाहेब हा विषय शिस्तीनं हाताळतात. रेल्वेतून निवृत्त झाले तरी वही सुटली नाही. वहीत रकाने आहेत: सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, उशीर, कारण. मी ती वही बघितली आहे. 'सुटली २१.३०. पोहोचली ०५.४०. वाटेत मुरडा, दोन थांबे.' दुसरी नोंद: 'सुटली २१.३०. ०६.०० पर्यंत आउटरला उभी. कारण: लग्नातली बासुंदी.' आणखी एक: 'अर्ध्या वाटेत इंजिन फिरवावं लागलं.' ही शेवटची नोंद दौंडबाहेरच्या माणसाला समजायची नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे आणि गाडी आली त्याच बाजूनं पुन्हा बाहेर पडे. आता कॉर्ड लाईनचं वेगळं स्टेशन झालं. पण गार्डसाहेबांच्या पोटात ती सोय अजून झालेली नाही.

ओखिलबाबूंचं पत्र त्यांना तोंडपाठ आहे. १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशानं साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेलं हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेलं आहे. फणस खाऊन बाबूंचं पोट फुगलं, ते अहमदपूर स्टेशनावर उतरून आडोशाला गेले, तेवढ्यात गार्डानं शिट्टी दिली आणि बाबू एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावता धावता सगळ्या फलाटादेखत कोसळले. गाडी गेली. डब्यांत संडास आले ते या पत्रामुळे, असं सांगतात. हे ऐकून कुणालाही ओखिलबाबूंची कणव येते. गार्डसाहेबांना येत नाही. "गार्डाला दंड करा म्हणतोय! गार्डाची चूक काय? वेळ झाली, शिट्टी दिली. फणस गार्डानं खायला घातला होता का?"

काकू, म्हणजे गार्डसाहेबांच्या मंडळी, एरंडेलाच्या पक्षाच्या. त्यांच्या मते सोनामुखी हा उधारीचा व्यवहार आहे, आज घ्या, उद्या बघू. एरंडेल रोखीचं. ते लहान आतड्यातच कामाला लागतं आणि दोन ते सहा तासांत निकाल देतं. काकूंच्या हातून एरंडेल प्यालेली पोरं आज पन्नाशीला आली आहेत, पण काकू समोरून आल्या की अजून नाकावर हात जातो. एकानं पाय धरायचे, एकानं नाक दाबायचं, वरून सुंठीचा काढा, आणि दिवसभर मऊ भात. आपल्या माहेरी सगळे रेल्वेतले, हे काकू या संदर्भात अभिमानानं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या रेल्वेत दिव्यांत आणि वंगणाला एरंडेल वापरत. एकाच पिंपातलं तेल इंजिनाला आणि ड्रायव्हरच्या पोराला मिळत असेल, तर दोघंही वेळेवर सुटत असणार.

यांची सून नर्स आहे. तिला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. एकदा गार्डसाहेबांनी तिला रात्रपाळीवर फोन केला, आवाज कापत होता. लघवी लालसर झाली होती. त्यांनी मृत्युपत्राचा विषयही काढला. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, सोनामुखी घेतली होती का?" घेतली होती. सोनामुखीनं लघवीला तांबूस रंग येऊ शकतो, हे वहीतल्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्यांना समोर बसवून हजेरी घेतली. ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली वनस्पती आहे, चेष्टा नव्हे. कधीमधी, थोडे दिवस, ठीक. रोज घेत राहिलं तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, महिनोन्‌महिने घेतली तर आतड्याचं अस्तर आतून काळपट पडतं, बंद केल्यावर हळूहळू निवळतं ते सोडा. पोटात कळ असेल, उलटी असेल तर हातही लावायचा नाही. तिनं इसबगोल आणून दिला, भरपूर पाण्याबरोबर घ्या म्हणाली. गार्डसाहेबांनी आठवडाभर घेतला आणि वहीत शेरा मारला: 'मालगाडी. भरते चांगली, पण वेळ सांगता येत नाही.'

आता कोठ्याबद्दल. आयुर्वेदात माणसांचे कोठे तीन तऱ्हांचे सांगितलेत, मृदू, मध्यम आणि क्रूर. मृदू कोठ्याच्या माणसाला दूध, गूळ, उसाचा रस एवढ्यानंही ढाळ होतात. या हिशेबानं दौंड तालुक्यात सोनामुखीचं पानही खपायला नको. भीमेच्या पाण्यावर ऊस उभा आहे, यवत-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर आहे, दुधाच्या किटल्या आहेत. पण मृदू कोठा आपल्याकडे कुणी कबूल करत नाही. क्रूर कोठा असणं हे घराण्याचं भूषण आहे. "आपल्याला एका पुडीनं काय होतंय!" हे वाक्य ज्या आवाजात म्हटलं जातं, त्या आवाजात लोक एरवी शेतीचं क्षेत्र सांगतात.

अशाच एका क्रूर कोठ्याच्या गृहस्थांची हकिगत पाटसच्या बाजूला अजून सांगतात. नवऱ्या मुलाचे मामा. रविवारी साखरपुडा, म्हणून शनिवारी रात्री दहाला पुडी घेतली. सकाळी सातपर्यंत शांतता. मामांना हा कोठ्याचा अपमान वाटला. त्यांनी गरम चहातून दुप्पट घेतली, फेटा बांधला आणि जीपमध्ये बसले. पहिली गाडी रात्री दहाला निघालेली, ती कार्यालयाच्या दाराशी पोहोचली. दुसरी तिच्या मागोमाग, त्याच रुळावर. मानपानाची बैठक सुरू होती. मुलीकडच्यांनी टॉवेल-टोपीचा विषय काढला आणि मामा उठून गेले. परत आले, बसले, मुलीच्या काकांनी "तसं आमच्याकडे..." एवढं म्हटलं, मामा पुन्हा उठले. चेहरा ताणलेला, कपाळाला घाम, कुणाशी बोलणं नाही. मुलीकडचे घाबरले. आपसांत कुजबुज झाली. मामा तिसऱ्यांदा आले तेव्हा टॉवेल-टोपीच्या जागी पूर्ण पोशाख आला होता. ते पाहून मामांनी डोळे मिटले आणि ते चौथ्यांदा उठले. तेव्हा पोशाखावर चांदीचा पेला चढला. मामांनी खरं कारण त्या घरात आजपर्यंत सांगितलेलं नाही. उलट "आमचे मामा फार कडक," अशी ख्याती झाली आणि पुढची दोन लग्नं त्यांनाच पुढे करून जमवली.

शटलनं जाणाऱ्याला या सगळ्यात एक वेगळीच शाळा रोज खिडकीतून दिसते. उरुळी कांचनला १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी येऊन राहिले, आणि तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पुढे मणिभाई देसाईंनी तो चालवला. तिथे पाला नाही, चूर्ण नाही. माती, पाणी, उपास, कटिस्नान आणि एनिमा. लोक लांबलांबून तिथे राहायला येतात. आमच्या गाडीतला दौंडकर उरुळीला खिडकीतून त्या बाजूला बघतो, पोटावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "दहा दिवस रजा मिळाली ना, तर इथेच येऊन पडणार." रजा मिळते तेव्हा तो कोकणात जातो आणि तळलेले मासे खातो.

औषध न लागणारी माणसंही याच तालुक्यातून जातात, वर्षातून एकदा, हजारोंनी. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण घालतं. एरवी माणसानं रात्री पिठलं रेटून खाल्लं तर दुसऱ्या दिवशी शेठकडे खेप ठरलेली. पण या गर्दीतलं कुणी शेठच्या दुकानाची वाट विचारल्याचं ऐकलं नाही. सकाळी उठायचं, उरकायचं आणि वरवंडची वाट धरायची. शेठ याकडे धंद्याच्या नजरेनं बघतात. "चालणारं गिऱ्हाईक आपलं नाही," एवढंच म्हणतात.

काटकसरी गिऱ्हाईकही त्यांचं नाही. एका मास्तरांना कुणीतरी भुईतरवड हे नाव सांगितलं. मास्तर कुरकुंभच्या बाजूच्या माळावर गेले आणि तिथे बेवारशी वाढलेल्या तरवडाचा पाला पिवळ्या फुलांसकट पिशवीभर घेऊन आले. फुकटात आयुष्याची सोय झाली, या आनंदात त्यांनी पिशवी शेठच्या काउंटरवर ओतली.

"हीच ना सोनामुखी?"

शेठनं एक पान उलटंसुलटं केलं. "मास्तर, ही तिची चुलत बहीण. हिच्या सालीनं कातडं कमावतात."

"म्हणजे चालेल का?"

"तुम्हाला आतून कमवायचं असेल तर चालेल."

मास्तरांनी पाला भरला, पण पुडी विकत घेतली नाही. ते दुकानाबाहेर बराच वेळ पिशवीकडे बघत उभे होते. शेवटी पिशवी बकरीला गेली म्हणतात, आणि बकरीनंही वास घेऊन तोंड फिरवलं.

मध्यंतरी रेल्वेनं गाड्यांच्या वेळा बदलल्या. स्टेशनात फलक लागायच्या आधीच ही बातमी शेठकडे पोहोचली होती, गार्डसाहेबांमार्फत. मी गेलो तेव्हा दोघं काउंटरवर नवं वेळापत्रक पसरून बसले होते आणि शेठ पेन्सिलीनं गाड्यांपुढे काहीतरी टिपत होते. बाहेर चार-पाच गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"शेठ, पुडी द्या, घरी जायचंय."

"थांबा हो. तुमची गाडी अलीकडे आलीय," शेठ मान वर न करता म्हणाले. "आता नऊला घेऊन चालायचं नाही, साडेआठला घ्यावी लागणार. म्हणजे जेवण साडेसातला. घरी विचारून या, जमतंय का."

तो माणूस जरा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "शेठ, साडेसातला मी अजून परतीच्या गाडीत असतो."

शेठ आणि गार्डसाहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. गार्डसाहेबांनी खिशातून वही काढली.